मिस्सा चुकत नाही, पण सोमवारी त्याचं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही वसईचे, रोज लोकलने अंधेरीला कामाला जाता. रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवत नाही, संध्याकाळी घरात रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते, थोरल्या मुलीचं यंदा पहिलं कम्युनियन आहे, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर ती पहिल्यांदा घेणार आहे. तरी सोमवारी सकाळी डब्यात शेजारी उभा असलेला माणूस आणि आपण, यांत काही फरक दिसत नाही. मग संस्कार, म्हणजे चर्चचे हे पवित्र विधी, रोज जगायचे म्हणजे आणखी काय करायचं, कोणती भक्ती वाढवायची, असं तुम्ही विचारलंत. आणि अगदी शेवटी एक ओळ घातलीत: वडील गेल्यावर घराच्या वाटणीवरून बहिणीशी बोलणं बंद आहे, तरी मी कम्युनियन घेतो, हे चालतं का?

मला खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत दिसतो. वरच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तरही तिच्यातूनच निघतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मी प्रापंचिक आहे, सिस्टर नाही. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) बरीच वर्षं मुलांना धर्मशिक्षण शिकवते, नवरा आणि मी विवाहपूर्व शिबिरात जोडप्यांशी बोलतो, आणि रविवारच्या मिस्सेनंतर अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी कम्युनियन घेऊन जाते. त्या कामातून जे दिसलं तेवढंच इथे सांगते. जिथे फादरांशीच बोलायला हवं तिथे तसं सांगेन.

भक्ती वाढवण्याबद्दल आधी. रोझरी आहे, तेवढी घरात पुरेशी आहे. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), उपवास, तीर्थयात्रा यांना माझा विरोध नाही, पण तुमची अडचण त्यांनी सुटणार नाही. प्रत्येक संस्कारात आपण काहीतरी कबूल केलेलं असतं, किंवा आपल्यावर काही काम सोपवलेलं असतं. स्नानसंस्कारात (बाप्तिस्म्यात) वचनं दिली, लग्नात शब्द दिला, कन्फेशनमध्ये (फादरांपुढे पापं कबूल करताना) प्रायश्चित्त घेतलं, कम्युनियनला ‘आमेन’ म्हटलं. विधी तासाभरात उरकतो, पण कबूल केलेलं काम उरतंच. ते उरलेलं काम ओळखून करणं, हाच संस्कार जगण्याचा अर्थ मला इतक्या वर्षांत कळला आहे. आणि आपण जे काम टाळतोय, नेमकं तेच बहुधा पहिलं असतं.

यात परिस्थितीनुसार फरक पडतो, हे मान्य करायला हवं. पाळीत काम करणाऱ्या नर्सचा रविवार आणि तुमचा रविवार सारखा नाही. तिला शनिवारी संध्याकाळची मिस्सा चालते, चर्चच्या नियमातच ती सोय आहे. नवरा किंवा बायको ख्रिस्ती नसेल तर घरातलं गणित वेगळं असतं. पहिलं लग्न मोडून दुसरं झालेलं असेल तर कम्युनियनचा प्रश्न धर्मगुरूंसोबत बसूनच सोडवावा लागतो, तिथे माझ्यासारखीनं फुकटचा सल्ला देऊ नये. आपण कॅथलिक सात संस्कार मानतो, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली ते सात म्हणून ठामपणे नोंदवले. अहिल्यानगरकडच्या आपल्या प्रॉटेस्टंट भावंडांकडे स्नान आणि प्रभुभोजन हे दोनच असतात. पण उरलेलं काम ओळखण्याची गोष्ट त्यांनाही तितकीच लागू आहे.

स्नानसंस्कारापासून सुरू करू. बहुतेकांना आपल्या स्नानसंस्काराची तारीख माहीत नसते. चर्चच्या नोंदवहीतून ती काढून आणा, स्वतःची, बायकोची आणि मुलांचीही. वर्गात मी मुलांना दरवर्षी हे करायला लावते. आईबाबांना विचारून तारीख आणणारं मूल घरी आणखी दोन प्रश्न विचारतं: माझे धर्ममातापिता कोण, आणि तेव्हा तुम्ही माझ्या वतीने काय कबूल केलं होतं? दुसऱ्या प्रश्नाला बरेच पालक अडतात. ती वचनं कठीण नाहीत. सैतानाला, त्याच्या कृत्यांना आणि त्याच्या मोहांना नकार, आणि मग पिता, पुत्र व पवित्र आत्म्यावर विश्वास. ईस्टरच्या आदल्या रात्री हातात मेणबत्ती घेऊन आपण सगळे ती पुन्हा म्हणतो. गंमत अशी की विश्वासाचा भाग आपण मोठ्याने म्हणतो आणि नकाराचा भाग पुटपुटतो. सोमवारी कामाला येतो तो नकाराचा भाग. खोटं बिल पास करायला नकार, कोणाची जात काढून केलेल्या विनोदावर हसायला नकार, घरकामाला येणाऱ्या बाईचा पगार अडवायला नकार. चर्चमध्ये शिरताना पवित्र पाण्यात बोटं बुडवून क्रूसाची खूण करता तेव्हा यातला एकच नकार मनात धरा, त्या आठवड्याचा. सगळे एकदम धरायला गेलात तर एकही हाती लागणार नाही.

दृढीकरणाबद्दल (विश्वासात पक्कं करण्याच्या संस्काराबद्दल) थोडंच लिहिते, कारण तेही याच धाग्याचं आहे. बिशपांनी कपाळावर तेल लावलं ते धैर्याने बोलण्यासाठी. कार्यालयात जिथे गप्प बसणं सोयीचं असतं तिथे ते तेल आठवा.

आता कम्युनियन. इथे मी थांबणार आहे, कारण तुमची गाठ इथेच आहे.

मिस्सेत अर्पणाच्या वेळी फादर भाकर उचलून जी प्रार्थना करतात ती कान देऊन ऐका. ही भाकर जमिनीतून आली आणि माणसांच्या हातांनी घडली, असं त्या प्रार्थनेत आहे. द्राक्षारसाबद्दलही तसंच. म्हणजे वेदीवर जे ठेवलं जातं त्यात माणसाचे कष्ट आधीच मिसळलेले असतात. आपल्याकडच्या बागायतदारांना हे समजावून सांगावं लागत नाही. केळी, पानवेल, भाजी यांच्यामागे पहाटेपासून राबलेल्या माणसाला जमिनीचं पीक आणि हाताचं काम म्हणजे काय हे ठाऊक असतं. लोकलने जाणाऱ्या आपल्यासारख्यांनाच ते विसरायला होतं. तुमचा आठवडा एक्सेल शीटमध्ये गेला असेल, तर तोच तिथे ठेवायचा आहे. मी स्वतः एक साधी गोष्ट करते. अर्पणगीत सुरू झालं की मागच्या आठवड्यातलं एक काम आणि एक माणूस मनाने त्या थाळीत ठेवते. काम कधी चांगलं झालेलं असतं, कधी अर्धवट. माणूस कधी प्रिय असतो, कधी अजिबात नको असलेला. असं केलं की सोमवारचा दिवस वेदीशी जोडला जातो, त्यासाठी वेगळी भक्ती लागत नाही.

आणि मग त्याच भाकरीचा तुकडा परत येतो, तो ख्रिस्ताचं शरीर म्हणून. ‘ख्रिस्ताचे शरीर’ असं म्हटलं जातं, आपण ‘आमेन’ म्हणतो. बिशप असलेले संत ऑगस्टीन आपल्या लोकांना सांगत की तुम्हीच ख्रिस्ताचं शरीर आहात, तेव्हा तुम्ही ‘आमेन’ म्हणता ते स्वतः जे आहात त्याला म्हणता. त्या शरीरात तुमच्या मागच्या बाकावरचा माणूस आहे. दुसऱ्या चर्चमध्ये त्याच रविवारी मिस्सेला बसलेली तुमची बहीणही आहे.

हे नवीन नाही. अगदी सुरुवातीच्या काळात करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत श्रीमंत माणसं आधी येऊन खाऊनपिऊन घ्यायची आणि गरीब उपाशी राहायचे. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात त्यांना खडसावलं, की तुम्ही जमता खरे, पण हे प्रभूचं भोजन होत नाही. इ.स. १५५ च्या सुमारास संत जस्टीनने रोमच्या सम्राटाला ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात ते लिहून कळवलं. वाचन होतं, प्रार्थना होते, भाकर वाटली जाते, जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे ती पाठवली जाते. आणि लगेच पुढे: ज्यांच्याकडे आहे ते आपल्या इच्छेने देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परक्या गावाहून आलेले यांची सोय होते. हे सगळं तो एकाच दमात सांगतो, उपासना आणि समाजकार्य असे दोन विभाग त्याच्या मनात नव्हतेच. चौथ्या शतकाच्या शेवटी संत जॉन क्रिसोस्तम तर सरळ विचारतो, की वेदीवरच्या ख्रिस्ताला रेशीम घालता आणि बाहेर थंडीने गारठलेल्या ख्रिस्ताकडे पाठ कशी फिरवता?

मी घरोघरी कम्युनियन घेऊन जाते तेव्हा जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे भाकर पाठवण्याची जस्टीनची ती ओळ मला दर वेळी खरी वाटते. मागच्या खोलीत पडलेली म्हातारी माणसं आठवडाभर त्या दहा मिनिटांची वाट बघतात. काही घरांत सून पलंगाजवळ स्वच्छ कापड, क्रूस आणि मेणबत्ती मांडून ठेवते, सगळे टीव्ही बंद करून भोवती उभे राहतात. काही घरांत मी एकटीच आजीजवळ बसते आणि बाहेर बोलणी चालू असतात. दुसऱ्या घरातले लोकही रविवारी चर्चमध्ये कम्युनियन घेऊनच आलेले असतात. त्यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही, थकलेली माणसं आहेत ती. पण त्यांना ‘संस्कार कसा जगू’ असा प्रश्न पडला तर उत्तर पाच पावलांवर, मागच्या खोलीत आहे.

आतापर्यंतचं थोडक्यात: संस्कारात काम सोपवलेलं असतं, ते नवं शोधावं लागत नाही, आणि कम्युनियनमध्ये ते काम नेहमी कुठल्यातरी माणसाचं नाव घेऊन येतं. तुमच्याबाबत ते नाव तुम्हीच सांगितलं आहे.

म्हणून आता कन्फेशन. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो, की अर्पण वेदीपाशी आणल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. हे नीट वाचा. आपल्या मनात त्याच्याबद्दल राग असेल तर, असं तो म्हणत नाही. त्याच्या मनात आपल्याबद्दल काही असेल तर, असं म्हणतो. म्हणजे ‘माझ्या मनात काही नाही, तीच बोलत नाही’ हे उत्तर इथे पुरत नाही.

मग कम्युनियन घ्यावं की नाही? चर्चचा नियम असा, की गंभीर पाप केल्याची जाणीव असेल तर आधी कन्फेशन. केवळ बोलणं बंद आहे म्हणून गंभीर पाप झालंच, असं मी म्हणणार नाही. तुम्ही खरोखर प्रयत्न केला असेल, तिने दार उघडलं नसेल, आणि तुमच्या मनात सूड नसेल, तर तुम्ही दूर राहायचं कारण नाही. पण तिच्या हक्काचं काही तुम्ही धरून ठेवलं असेल, तर प्रश्न भावनेचा राहत नाही, न्यायाचा होतो. हे फादरांना कन्फेशनमध्ये मोकळेपणाने सांगा. ते गुपित राखायला ते बांधलेले आहेत, कुठल्याही परिस्थितीत, हे तुम्हाला माहीतच आहे.

वाटणीबद्दल स्पष्ट बोलते, कारण आपल्याकडे हे विवाहपूर्व शिबिरापासून अंत्यविधीपर्यंत सगळीकडे निघतं. जमिनीच्या किमती वाढल्या तशी घरं फुटली. लग्न करून दिलं, सोनं घातलं, आता तिचा काय संबंध, असं म्हणून बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवायचं, ही पद्धत आपल्या चांगल्या चांगल्या घरांत आहे. भारतीय वारसा कायदा १९२५ चा आहे. त्याप्रमाणे ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि मागे पत्नी व मुलं असतील, तर एक तृतीयांश पत्नीला आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे वाटले जातात. मुलगा आणि मुलगी असा भेद तिथे नाही. बहिणीने राजीखुशीने, सगळं समजून सही केली असेल तर तिचा निर्णय तिचा. आईसमोर, चार नातेवाइकांच्या दडपणाखाली केली असेल, तर कागद कायद्याने टिकेलही, पण मनाची टोचणी राहते. आणि तुमच्या त्या एका ओळीत मला ती टोचणी ऐकू आली. चुकीचं ऐकलं असेल तर माफ करा. मृत्युपत्र असेल किंवा घर आईच्या नावावर असेल तर गोष्ट बदलते. वकिलाला कागद दाखवा.

कन्फेशनने पापाची क्षमा होते, पण पापाने झालेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही. ते भरून देणं आपल्यावर राहतं, ही चर्चची स्पष्ट शिकवण आहे. शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाचं पाहा. येशू त्याच्या घरी जेवायला आला, आणि तो उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. येशूने ‘आज या घराला तारण मिळालं’ म्हटलं ते यानंतर. मुलांना हा पाठ शिकवताना झाडावर चढलेल्या बुटक्या माणसाचं चित्र काढून आपण थांबतो, आणि चौपटीचा भाग मोठ्यांसाठी ठेवतो. मोठे तो पुढे कधी वाचतच नाहीत.

इथे एक अट घालते. समेट म्हणजे मार खात राहणं नव्हे. नवऱ्याचा हात उठत असेल, मुलांना धोका असेल, तर त्या बाईने ‘लग्न हा संस्कार आहे’ म्हणून तिथेच राहावं असं चर्च सांगत नाही. अशा वेळी वेगळं राहण्याची मुभा चर्चच्या कायद्यात आहे. शिबिरात आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर सांगायला कोणी धजत नाही. तुमची गोष्ट तशी नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाची असू शकते.

लग्नाचं आलंच आहे तर तुमच्या बायकोबद्दल दोन शब्द. आपल्या लॅटिन परंपरेत विवाहसंस्कार फादर देत नाहीत. नवरा-बायको एकमेकांना देतात, फादर चर्चच्या वतीने साक्षी असतात. शिबिरात हे सांगितलं की मुलं-मुली दचकून एकमेकांकडे बघतात. पोप पायस अकरावे यांनी १९३० साली धर्मपंडित संत बेलार्मिनचा विचार पुढे ठेवला होता, की कम्युनियनच्या संस्कारासारखाच विवाहही केवळ विधीच्या वेळी नाही, तर दोघं जिवंत असेपर्यंत संस्कार राहतो. म्हणजे तुमच्या घरात तो आज रात्रीही चालू आहे. वाटणीचा निर्णय एकट्याने घेऊ नका. बहिणीला वाटा द्यायचा झाला तर तुमच्या बायकोच्या आणि मुलांच्या हिशोबातून काही जाणार आहे, आणि तिला न विचारता दाखवलेल्या उदारपणातून दुसरं भांडण उभं राहील. ‘सुखात आणि दुःखात’ हे शब्द पैशालाही लागू होतात. तिला आधी सगळं सांगा, आकड्यांसकट.

रुग्णाभ्यंगाबद्दल (आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्काराबद्दल) तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमची आई थकली आहे असं लिहिलंत म्हणून सांगते. अजूनही पुष्कळ लोक फादरांना शेवटच्या घटकेला बोलावतात, कारण ते आले की आजारी माणूस घाबरेल असं वाटतं. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे ते आजाऱ्याबद्दल: तुमच्यापैकी कोणी आजारी असेल तर वडीलजनांना बोलवा, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. मोठ्या ऑपरेशनआधी, वाढत्या वयाच्या अशक्तपणात, हा संस्कार शुद्धीवर असताना घ्यावा, म्हणजे आजारी माणूस स्वतः प्रार्थनेत सामील होतो. आईला विचारा, तिला हवं असेल तर फादरांना घरी बोलवा. आणि त्या दिवशी बहिणीलाही बोलवा. आईच्या पलंगाभोवती उभं राहून ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ एकत्र म्हणताना ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ ही ओळ येतेच. मी तेव्हा त्या खोलीत बरेचदा असते. त्या ओळीपाशी आवाज अडखळताना मी ऐकले आहेत, आणि त्यानंतर चहा पिताना पहिल्यांदा बोलणं झालेलंही पाहिलं आहे. दर वेळी होतं असं नाही.

गुरुदीक्षेबद्दल (फादर होण्याच्या संस्काराबद्दल) एवढंच, की सगळं फादरांवर टाकू नका. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने स्नानसंस्कार झालेल्या प्रत्येकाच्या याजकपणाची आठवण करून दिली. आपलं घर, काम, आजारपण हे सगळं देवाला अर्पण करायचं काम आपलं आहे. ते फादर आपल्यासाठी करून देऊ शकत नाहीत.

तर तुम्ही पुढे काय करावं असं मला वाटतं ते सांगते. क्रम महत्त्वाचा आहे. आधी बायकोशी बोला. मग कागद काढा: मृत्युपत्र आहे का, घर कोणाच्या नावावर आहे, बहिणीची सही कशावर आणि कशी झाली. मग कन्फेशनला जा, आणि गर्दीच्या रांगेत नको, फादरांकडून वेगळी वेळ मागून घ्या. आणि मग बहिणीकडे जा. फोन नको, मेसेज तर नकोच. नातेवाइकाला मध्ये घालू नका. जाताना वाटणीचा तोडगा तयार करून नेऊ नका, नाहीतर ती तुम्हाला सही घ्यायला आलेला समजेल. एवढंच म्हणा, की मला तुझं म्हणणं ऐकायचं आहे, आणि मग खरोखर ऐका. ती रागावेल, जुनं काढेल, आईचंही काढेल. मध्ये बोलू नका. वाट्याची गोष्ट दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत, आकडे घेऊन.

तिने दार उघडलं नाही तर चिठ्ठी ठेवून या आणि थोड्या दिवसांनी पुन्हा जा. तिचं जे देणं निघेल ते मात्र तिच्या बोलण्यावर अवलंबून ठेवू नका. ती बोलो न बोलो, ते तिचं आहे.

मुलीच्या पहिल्या कम्युनियनला अजून काही महिने आहेत. वर्गात मुलं मला विचारतात, कम्युनियन घेतल्यावर काय बदलतं? तुमची मुलगीही विचारेल, मला नाही तर तुम्हाला. आत्याकडे जाताना तिला बरोबर न्यायचं की नाही हे बायकोसोबत ठरवा. माझ्या मते पहिल्या भेटीला नको, कारण मुलासमोर मोठी माणसं खरं बोलत नाहीत. पण तुम्ही कुठे जाताय आणि कशासाठी, हे तिला सांगून निघा.